दोन डाव्या बाह्या

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

टाईप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. ही बँकेची नोटीस नाही, मीच आहे. कॉम्प्युटर घेतलाय. एका बोटानं का होईना, पण टकटक जमते. तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर उद्या-परवा एक खोकं येईल. ते उघडायला दादाच्या हातात कात्री देऊ नकोस, तो पुस्तकासकट कापेल. आत माझं पुस्तक आहे. हो, माझं! ‘आधी बेत, मग कात्री’. शिवणाच्या क्लासात इतकी वर्षं घसा फोडून जे सांगितलं, ते एकदाचं कागदावर आणलं.

एकाही प्रकाशकानं दारात उभं केलं नाही, म्हणून स्वतःच छापलं. एक कंपनी आहे, ती सगळं करून देते. मुखपृष्ठ, प्रस्तावना, छपाई, नेटवरची जाहिरात, सगळं. मुखपृष्ठ तर झकास झालंय. एक उंच मुलगी लांब कोट घालून समुद्राकडे बघत उभी आहे. कोट मी शिवलेला नाही आणि पुस्तकात कोटाचं प्रकरणही नाही, पण कंपनी म्हणाली की असंच खपतं.

आता तुझ्याकडून एकच हवंय. जन्मभर पुस्तकं विकलीस, तर माझं गल्ल्याशेजारी ठेव आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांग की चांगलं आहे. क्लास मी बंद केला. कंटाळा आला, दुसरं काही नाही. त्यामुळे आता जे काही आहे ते हे पुस्तकच. माझी बेतायची पद्धत पुढे जायची असेल तर ह्याच्यातूनच जाईल, नाहीतर माझ्याबरोबर संपली समज.

दादाच्या गुडघ्याला विचारलंय म्हणून सांग.

तुझी नणंद

१५ जानेवारी

वन्सं,

खोकं पोचलं. तुमच्या दादांनी ते किल्लीनं उघडलं, त्यामुळे वरच्या प्रतीवरच्या मुलीच्या कोटाला ओरखडा आलाय. ती प्रत दुकानात हाताळायला ठेवलीय.

गल्ल्याशेजारी ठेवणार नाही. लगेच फुगून बसू नका, आधी ऐका. लेखकानं स्वतः छापलेलं पुस्तक आलं की ते खिडकीजवळच्या बाकावर जातं, आणि मी तोंड उघडत नाही. मग ते शेजाऱ्याचं असो की नणंदेचं. मी चांगलं म्हणून एखादं पुस्तक गळ्यात मारलं आणि ते टाकाऊ निघालं, तर तो माणूस पुढे दुकानावरून मान फिरवून जातो. असे दोन-तीन जण अजून जातात.

बाकावर काय चालतं ते सांगते. लोक आधी मुखपृष्ठ बघतात हे खरं, पण बघून झालं की लगेच पुस्तक उलटं करतात. मागे तुमचा फोटो नाही. कंपनीचं नाव ठळक आणि तुमचं बारीक. मग प्रकाशक कोण ते बघायला पहिलं पान उलटतात. तिथे ओळखीचं नाव नसलं की हात जरा सैल पडतो. पुस्तक खाली ठेवत नाहीत, पण पकड जाते. मग मधलं कुठलंही पान काढून उभ्या उभ्या चार ओळी वाचतात. काही जण पुस्तक वाकवून बघतात, पानं सुटतात का म्हणून. एक बाई नेहमी छपाईच्या चुका शोधतात. एका पानावर दोन सापडल्या की पुस्तक बाद. तुमच्यात त्यांना एकच सापडली आणि त्या जरा हिरमुसल्याच.

समोरच्या इमारतीतले म्हातारे डॉक्टर फक्त प्रस्तावना वाचतात. तुमची वाचून म्हणाले, “ही लिहिणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही. प्रतिभा हा शब्द पाच वेळा आहे, कापड हा एकदाही नाही.” आणि पुस्तक जागेवर ठेवून निघून गेले.

अजून एकही प्रत गेलेली नाही. आणि ते टाईप करणं पुरे करा. तुमचं अक्षर म्हणजे बारीक टीप मारल्यासारखं, ते बघून बरं वाटायचं. हे वाचताना खाली साहेबाचा शिक्का असेल असं वाटत राहतं.

तुमची वहिनी

२४ जानेवारी

वहिनी,

बाकावर? माझं पुस्तक बाकावर? दादाच्या लग्नात तुझा पोशाख कुणी शिवला होता, आठवतंय का? तोही आधी बाकावर ठेवून लोकांना दाबून बघायला द्यायला हवा होता!

वाचकांना काय कळतं गं? पुस्तक म्हणजे काय टोमॅटो आहे? उलटं करून बघायचं, वाकवून बघायचं, आणि त्या बाई तर चुका सापडत नाहीत म्हणून रडतात. वाचायचं राहिलं बाजूला. आणि त्या डॉक्टरांना सांग, कापड हा शब्द पुस्तकात पानोपान आहे, प्रस्तावना ओलांडून आत या म्हणावं.

आता ऐक. कंपनीनं नेटवर माझ्या पुस्तकाचे अभिप्राय गोळा केलेत. भरपूर आहेत, आणि सगळ्यांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. एकही माणूस चार देऊन थांबलेला नाही. हे एका पाटीवर लिहून बाकावर लाव. तू तोंड उघडू नकोस, पाटी बोलेल.

अक्षराचं म्हणशील तर जग पुढे गेलंय, वहिनी. तू बस तुझ्या दौत-टाकात.

तुझी (रागावलेली) नणंद

१० फेब्रुवारी

वन्सं,

पाटी लावली होती. काल काढून टाकली. का, ते सांगते. खुर्चीत नीट बसून वाचा.

एक नवरा-बायको आले. बायकोनं तुमचं पुस्तक उचललं, पाटी वाचली, आणि नवऱ्यानं खिशातून फोन काढला. हल्ली हे असंच असतं. पुस्तक हातात आणि डोळे फोनमध्ये. पाचपैकी पाच बघून तो म्हणाला, “सगळ्यांनाच आवडलंय? मग नक्की काहीतरी गडबड आहे.” मग त्यानं तुमच्या कंपनीची बाकीची पुस्तकं काढली. त्यात एक शोभेचे मासे कसे पाळावेत ह्याच्यावर आहे. त्याखाली तेच अभिप्राय, त्याच नावांचे, त्याच शब्दांत. आणि त्यात एक असा होता, ‘ह्या पुस्तकामुळे आता माझ्या बाह्या मुंढ्यात अगदी नीट बसतात.’ मुंढा म्हणजे खांद्याजवळचं भोक, जिथे बाही जोडतात, हे बायकोनं त्याला समजावलं, आणि मग दोघं इतकी हसली की डॉक्टरांनी पेपर खाली केला. “माशांना बाह्या!” असं म्हणत ती दोघं गेली. तुमचे दादाही हसले. मी नाही हसले. निदान दुकानात तरी नाही.

आता दुसरी बातमी. एक प्रत गेली.

दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसणारी एक जाड चष्म्याची बाई आहे. महिन्यातून एकदा येते. तिनं मुखपृष्ठाकडे बघितलंच नाही. पाटी बाजूला सरकवून तिच्यावर पिशवी ठेवली. अनुक्रमणिका काढली, बाहीचं प्रकरण शोधलं आणि बाकावर बसून सबंध वाचलं. एके ठिकाणी तिला हसू आलं. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जाऊन डोकावले. तुमची ओळ होती: ‘बाही कधीही दुहेरी कापडावर कापू नये. खालचं कापड सरकतं आणि वरच्याला पत्ता नसतो. एक बाही कापावी, उठून पाणी प्यावं, मग दुसरी कापावी.’ वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला.

चष्मेवाली म्हणाली, “गळा सगळीच पुस्तकं शिकवतात. बाहीपाशी आली की ‘नंतर बाही जोडावी’ म्हणून मोकळी होतात. हिनं सोळा पानं बाहीलाच दिलीत.” आणि घेतलं. तुम्ही माझ्या कुणी लागता हे मी सांगितलं नाही.

तुमची वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी,

बाई अगं, बाई! ती नक्की काय म्हणाली ते परत लिही. सगळं. कुठल्या पानावर हसली? पाणी प्यावं तिथेच ना? क्लासातल्या मुलीही तिथेच हसायच्या. मग मी सगळ्यांना खरंच उठवायची.

तारे-बिरे कंपनीला पाण्यात बुडवायला सांगितलेत, त्यांच्या माशांबरोबर. फोनवर असं झापलंय की तिथला माणूस पोपटासारखा ‘सॉरी मॅडम’ म्हणत होता. तू हसली नाहीस हे मी मानत नाही.

चष्मेवालीला सांग, कुठे अडलं तर विचार म्हणावं. ती काय शिवणार आहे? कापड कसलं आणलंय? वहिनी, मला परवापासून झोप लागतेय. एका बाईनं माझं पुस्तक वाचून कात्री उचलली असेल, आणि मी तिच्या शेजारी उभीसुद्धा नाहीये. हेच तर हवं होतं मला.

तुझी नणंद

८ मार्च

वन्सं,

गोड बोलून सांगण्यासारखं नाही, म्हणून सरळ सांगते.

चष्मेवाली काल आली. पिशवीतून एक सदरा काढून तिनं माझ्या खुर्चीच्या पाठीवर घातला. फुलाफुलांचं छापील कापड, शिवण सुरेख, कॉलर ताठ. डावा हात व्यवस्थित. उजवा मात्र पाठीमागे ओढलेला, खांद्याला चुण्या. खुर्चीलाच कुणीतरी मागून हात धरून थांबवलंय असं दिसत होतं. “दोन्ही बाह्या डाव्या आहेत,” ती म्हणाली. चिडून नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

तिनं पुस्तक उघडून दाखवलं. डाव्या बाहीचं चित्र आणि उजव्या बाहीचं चित्र शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही अगदी एकसारखी आहेत. मुंढ्यात बसणारं पुढचं खोल वळण, तुम्ही ज्याला बाक म्हणता, ते दोन्हींत एकाच बाजूला. दुहेरी कापडावर कापलं असतं तर एक बाही आपोआप उलटी निघाली असती. पण तुमचं पुस्तक सांगतं, एकेक कापा. तिनं तुमचंच ऐकलं. कापड एका बाजूनं छापलेलं, त्यामुळे उलटं करून भागवायचीही सोय नाही.

पुस्तक मी बाकावरून उचललंय. उरलेल्या सगळ्या प्रतींत हीच चूक असणार. ज्या बाईनं आयुष्यात एक बाही वाकडी जोडली नाही तिच्या पुस्तकात हे व्हावं, वन्सं? तुम्ही चित्रं छापण्याआधी बघितलीत तरी का? का तेही कंपनीवर सोडलंत, जसं पत्र लिहिणं मशीनवर सोडलंय? मोठी लेखिका झालात, हाताला शाई लावून घ्यायची नाही असं ठरवलंय का?

उपाय साधा आहे. चार दिवस इकडे या. प्रत्येक प्रतीत उजवी बाही खोडून तुमच्या हातानं नीट काढून द्या. फळ्यावर एका रेघेत मुंढा काढायचात तुम्ही, मी बघितलंय. तुम्हाला काय जड आहे त्यात?

तुमची वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. बरेच दिवस तुझ्यावर चिडून होते, मग चिडायचंही राहून गेलं.

माझा उजवा हात कापतो. मागच्या उन्हाळ्यात सुरू झालं. आधी सुईत दोरा जाईना, मला वाटलं डोळे. मग खडू धरला की रेघ नागमोडी जायला लागली. एक दिवस क्लासात एका मुलीच्या कापडावर कात्री चालवली आणि कात्री आखलेली रेघ सोडून आत घुसली. त्या मुलीनं आईच्या वाढदिवसासाठी आणलेलं कापड होतं. ती म्हणाली, असू दे, बाई, मी काहीतरी छोटं शिवीन. त्या आठवड्यात मी क्लासच्या दाराला कुलूप लावलं. कंटाळा-बिंटाळा काही नव्हता. इथले डॉक्टर म्हणतात वाढेल, हळूहळू वाढेल. मला खूप भीती वाटते, वहिनी. रडतेही. दादाला सांगू नकोस असं म्हणणार होते, पण तू सांगशीलच, तर सांग.

म्हणून टाईप करते. पेनानं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही.

आणि चित्राचं म्हणशील तर बघितलं होतं गं. मीच दिलं होतं ते. क्लासच्या जुन्या तक्त्यावर डाव्या बाहीचं चित्र होतं, ते कंपनीला दिलं. उजवी काढायला बसले. रोज बसत होते. एकही रेघ जमली नाही. शेवटी कंपनीला लिहिलं की दुसरी बाही पहिलीच्या उलट करून घ्या. त्यांनी तीच दोनदा छापली. छापून आल्यावर मी ते पान उघडलंच नाही. उघडवेना.

हात गेला तरी पद्धत राहील, एवढंच मला वाटलं होतं. आता पद्धतीचं नावही खराब झालं. चष्मेवालीचं कापड मी भरून देईन. बाकीची पुस्तकं रद्दीत घाल. मला येऊन काही दुरुस्त करता येणार नाही.

नणंद

१९ एप्रिल

वन्सं,

पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. टाईप केलेलं पान बघितलं आणि ताठा म्हणून मोकळी झाले. तुमच्या दादांना सांगितलं. ते बाकावरचा जुना पेपर घेऊन मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तोच वाचत होते.

रद्दीत काही घातलेलं नाही. आता जे झालं ते क्रमानं सांगते.

चष्मेवालीला मी निरोप पाठवला की लेखिका कापडाचे पैसे देणार आहे. ती आली ती तोच सदरा घालून. दोन्ही हात सरळ, खांद्याला एक चुणी नाही. उरलेल्या तुकड्यातून तिनं उजवी बाही नव्यानं कापली होती. मी म्हटलं, कशी? तर म्हणाली, चित्रावर कागद चिकटवला आणि नुसता मजकूर वाचला. तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंयत की दुसऱ्या बाहीला खोल बाक विरुद्ध बाजूला येतो. पहिल्या वेळी तिनं चित्र बघून तो भाग वगळला होता. पैसे नको म्हणाली. वन्सं, हे दोनदा वाचा. चित्र नव्हतं, तुम्ही नव्हता, आणि बाही बसली.

मग मी तिच्याकडून उजव्या बाहीचं चित्र पुस्तकाच्या मापात काढून घेतलं. तुमच्या दादांनी पुठ्ठ्याचा साचा कापला. (नखं कापायच्या कात्रीनं. दोन वाया गेले, तिसरा चांगला आला.) आम्ही दोघांनी सगळ्या प्रतींत छापलेल्या उजव्या बाहीवर काट मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत निळ्या पेन्सिलीनं बरोबर बाही काढली. खाली मी लिहिलं, ‘छापलेलं चित्र चुकलं होतं. निळी बाही बरोबर आहे. ह्याप्रमाणे शिवून पाहिली आहे.’

एक प्रत परत बाकावर ठेवली. मला वाटलं, खाडाखोड बघून लोक हातही लावणार नाहीत. चुका शोधणाऱ्या बाईंना ती लगेच सापडली. त्या माझ्याकडे घेऊन आल्या, म्हणाल्या, “हे कुणी केलं? सगळ्या प्रतींत?” मी हो म्हटलं. “हातानं?” मी परत हो म्हटलं. त्या शिवत नाहीत, वन्सं, त्यांच्याकडे मशीनही नाही. त्यांनी भाचीसाठी एक घेतलं. म्हणाल्या, चुका सगळ्यांच्या असतात, त्या निस्तरायला परत येणारं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्यानंतर रोज कुणीतरी ते निळं पान उघडून बघतं. मुखपृष्ठावरच्या मुलीकडे आता कुणी लक्ष देत नाही. डॉक्टरांनीही घेतलं, प्रस्तावना फाडून द्याल का असं विचारून.

आता एक काम तुमचं. त्या निळ्या बाहीखाली माझं अक्षर आहे, तुमची सही नाही. लोक विचारतात, लेखिकेला हे माहीत आहे का? उरलेल्या प्रती घेऊन तुमचे दादा शनिवारी तिकडे येतायत. चष्मेवालीनं तिचीही दिलीय. सही करा. वाकडी येईल, येऊ दे. लहान करायचा प्रयत्न करू नका, पानावर जागा भरपूर आहे.

तुमची वहिनी

४ मे

वहिनी,

दादा आला. हाताकडे बघायचं नाही असं ठरवून आला होता, म्हणून सारखा पंख्याकडे बघत होता. शेवटी मीच हात त्याच्यासमोर धरला. मग त्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, लहानपणी माझे कान ओढायला हाच होता ना.

चष्मेवालीची प्रत पहिली केली. सही खालच्या ओळीवर बसली नाही, बाहीवर चढली. दुसरीही तशीच. मग दादानं पुस्तक घट्ट धरलं, मी पेन मुठीत धरलं, आणि चाललं. दमले की उठून पाणी प्यायचो.

सगळ्या झाल्या.

हे पत्र पेनानं लिहिलंय. सकाळी बसले, आता दुपार आहे. वाचता आलं नाही तर दादाला विचार, त्याला तोंडी सांगून ठेवलंय. पण आधी तू स्वतः वाचून बघ. येतंय का ओळखू?

तुझी नणंद